विचारा, सांगतो: सर्व्हिस चालू आहे, पण डेटा कुठाय?

या वेळची बहुतेक पत्रं सर्व्हरवर नेटवर्क मॉनिटरिंग लावण्याबद्दलच आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: सर, लिनक्स सर्व्हरवर एसएनएमपीडी (मॉनिटरिंगला सर्व्हरचे आकडे देणारी सर्व्हिस) टाकलं, सर्व्हिस स्टार्ट केली, स्टेटस बघितलं तर हिरव्या अक्षरात ॲक्टिव्ह रनिंग. त्याच सर्व्हरवर बसून एसएनएमपीवॉक (ते आकडे मागवणारी कमांड) मारलं तर उत्तर येतं, पण मॉनिटरिंगच्या मशीनवरून मारलं की टाइमआउट. पिंग व्यवस्थित जातंय. फायरवॉल बंद करून बघितली, अनइन्स्टॉल करून परत टाकलं, तरी तेच. काय राहिलं?

उत्तर: परत परत इन्स्टॉल करणं आधी थांबवा, पॅकेजमध्ये काही बिघडलेलं नाहीये. ॲक्टिव्ह रनिंग म्हणजे प्रोसेस जिवंत आहे एवढंच, ती कोणाचं ऐकतेय हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं. सर्व्हरवर एसएस कमांड (कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते दाखवणारी) यूएलएनपी हे ऑप्शन देऊन चालवा आणि १६१ नंबरच्या पोर्टची ओळ शोधा. माझा अंदाज, तिथे १२७.०.०.१:१६१ असं दिसेल. डेबियन आणि उबुंटूवर एसएनएमपीडी मुद्दामच असं येतं, म्हणजे फक्त स्वतःच्याच मशीनला उत्तर देणारं, कारण डिफॉल्ट कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) 'पब्लिक' असताना अख्ख्या नेटवर्कला दार उघडं ठेवणं कोणालाच परवडणारं नाही. कॉन्फिग फाइलमध्ये एजंटॲड्रेसची ओळ आहे, तिथे सर्व्हरचा नेटवर्कवरचा आयपी टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. फाइल सेव्ह केली म्हणजे झालं असं समजून अर्धा दिवस घालवणारे लोक मी बघितलेत, तेव्हा रीस्टार्टनंतर एसएस परत चालवून ओळ बदललीय का ते डोळ्यांनी बघा.

आता पुढची गंमत. उत्तर यायला लागेल पण मोजक्याच ओळी येतील, मशीनचं नाव, अपटाइम वगैरे, नेटवर्क इंटरफेसचं नावही नाही. घाबरू नका. त्याच फाइलमध्ये सिस्टिमओन्ली नावाचा व्ह्यू (काय दाखवायचं याची यादी) असतो, त्यात एसएनएमपीच्या माहितीच्या झाडाची १.३.६.१.२.१.१ ही फांदी आणि अजून थोडंसं, एवढंच दाखवायची परवानगी असते. इंटरफेसचे आकडे १.३.६.१.२.१.२ खाली आणि ६४ बिटवाले १.३.६.१.२.१.३१ खाली असतात, त्या दोन्ही फांद्या व्ह्यूमध्ये जोडा. सगळंच उघडं करून टाकायचा मोह होतो, पण रूटिंग टेबल आणि चालू प्रोसेसेसची यादी कशाला दाखवायची? जे मोजायचंय तेवढंच द्या.

एवढं करून टाइमआउटच येत असेल तर दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, एसएनएमपी यूडीपीवर चालतं, टीसीपीवर नाही; पॅकेट पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. टेलनेटने १६१ पोर्ट तपासून 'कनेक्शन रिफ्यूज्ड येतंय हो' असं लिहिणाऱ्या वाचकांनो, टेलनेट टीसीपीवाला आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. फायरवॉलमध्येही टीसीपी १६१ उघडून बसतात, उघडायचं असतं यूडीपी १६१. दोन, एसएनएमपीच्या व्हर्जन २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग चुकली तर सर्व्हर 'चुकली' असं सांगत नाही, गप्प बसतो. म्हणजे पासवर्ड चुकला काय, फायरवॉलने अडवलं काय आणि सर्व्हिस बंद असली काय, तुम्हाला दिसणार टाइमआउटच. म्हणून सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, यूडीपी १६१ चा फिल्टर द्या आणि दुसरीकडून एसएनएमपीवॉक मारा. पॅकेट येतानाच दिसत नसेल तर वाटेत कुठेतरी अडतंय, सर्व्हरला दोष देऊ नका. येतंय आणि उत्तरही जातंय असं दिसलं तर घोळ परतीच्या वाटेवर किंवा मॉनिटरिंगच्या मशीनवर. येतंय पण उत्तर जात नाही, तर कम्युनिटी स्ट्रिंग किंवा लोकल फायरवॉल, कारण टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधीच दिसतं, दिसलं म्हणजे आत पोचलं असं नाही.

आणि ती बंद केलेली फायरवॉल आजच परत चालू करा, यूडीपी १६१ फक्त मॉनिटरिंग मशीनच्या आयपीला उघडा. जमलं तर व्हर्जन ३ वर जा, २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग तारेवरून उघडी जाते. व्हर्जन ३ चा यूजर बनवताना सर्व्हिस आधी थांबवायची आणि पासफ्रेज कमीत कमी आठ अक्षरांचा ठेवायचा, या दोन गोष्टींवरच बरेच जण अडतात. शिवाय व्हर्जन ३ मध्ये यूजरचं नाव किंवा पासवर्ड चुकला की निदान एरर तरी येतो.

प्रश्न: आमची लिंक १ जीबीपीएसची आहे, मोठा बॅकअप चालतो तेव्हा ती भरून वाहत असणार हे नक्की, पण ग्राफ ११० एमबीपीएसच्या आसपास जाऊन करवतीच्या दातांसारखा वर खाली होत राहतो. ११५ च्या वर तर कधी गेलाच नाही. स्विचवाला म्हणतो लिंक ठीक आहे. खरं काय?

उत्तर: स्विचवाला बरोबर आहे. मला हा प्रश्न फार आवडला कारण ११५ हा आकडाच सगळं सांगतोय. इंटरफेसमधून किती बाइट गेले हे मोजणारा जुना काउंटर ३२ बिटचा आहे, तो ४२९४९६७२९५ पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो, जुन्या स्कूटरचं मीटर फिरून शून्यावर यायचं तसंच. मॉनिटरिंग नव्या आकड्यातून आधीचा वजा करून वेग काढतं. काउंटर मधे एकदा फिरला तर ते ओळखता येतं, पण दोनदा की दहादा फिरला हे कळायला काही मार्गच नाही. १०० एमबीपीएसला काउंटर फिरायला साधारण ५ मिनिटं ४३ सेकंद लागतात, पण १ जीबीपीएसला जेमतेम ३४ सेकंद. आता तुम्ही दर ५ मिनिटांनी वाचत असाल (नसाल तर हा आकडा आलाच नसता), तर ३०० सेकंदात ३२ बिटमध्ये मावणारा जास्तीत जास्त वेग येतो ११४.५ एमबीपीएस. तुमचा ग्राफ तिथेच डोकं आपटतोय.

उपाय सोपा आहे, इफ-इन-ऑक्टेट्स या जुन्या काउंटरऐवजी इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स वाचा, बाहेर जाणाऱ्यासाठी तसाच आउटवाला. हे ६४ बिटचे आहेत, फिरायची चिंता नाही. अट एकच, व्हर्जन २सी किंवा ३ पाहिजे, व्हर्जन १ मध्ये ६४ बिटचा काउंटरच नाही. काही जुन्या टेम्प्लेटमध्ये (मॉनिटरिंगच्या तयार सेटिंगमध्ये) अजून ३२ बिटवालेच असतात म्हणून टेम्प्लेट लावला म्हणजे झालं असं समजू नका. आणि हो, ऑक्टेट म्हणजे बाइट, आठने गुणल्याशिवाय एमबीपीएस म्हणू नका, तसे ग्राफही पत्रांतून आलेत.

प्रश्न: मॉनिटरिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर, नागिओस, झॅबिक्स की प्रोमेथियस? एकच नाव सांगा.

उत्तर: एकच नाव मागितलं की भांडणं लागतात. स्विच, राउटर, प्रिंटर असा मिश्र माल असेल आणि सगळं एकाच ठिकाणी क्लिक करून लावायचं असेल तर झॅबिक्स, डेटाबेस सांभाळायची तयारी ठेवा. मशीन सतत येतात-जातात, कंटेनर आहेत, तर प्रोमेथियस. ते स्वतः जाऊन आकडे ओढून आणतं, नोड एक्सपोर्टर (मशीनवर आकडे मांडून ठेवणारा प्रोग्रॅम) ९१०० पोर्टवर बसतो, पण डेटा बाय डिफॉल्ट १५ दिवसच ठेवतं हे आधी वाचा, नंतर मागच्या महिन्याचा ग्राफ शोधू नका. नागिओस १९९९ पासून आहे, तेव्हा नाव नेटसेंट होतं. आकड्यांपेक्षा 'चालू की बंद' यात ते पक्कं आहे. सर्व्हर मोजके असतील तर जे तुमच्या टीममध्ये कोणाला तरी आधीच येतं ते लावा, मी तरी तेच करेन.

प्रश्न: अलर्ट इतके येतात की सगळ्यांनी ग्रुप म्यूट केलाय. एक स्विच पडला की रात्री पन्नास मेसेज. काय करू?

उत्तर: ग्रुप म्यूट झाला म्हणजे मॉनिटरिंग बंदच पडलं, फक्त वीजबिल चालू आहे. स्विचचं दुखणं आधी. नागिओसमध्ये होस्टला (प्रत्येक मशीनला) पेरेंट, म्हणजे ते कोणाच्या मागे जोडलंय, ते सांगता येतं, स्विच पडला की मागचे सर्व्हर डाउनऐवजी अनरीचेबल धरले जातात आणि त्यांची नोटिफिकेशन वेगळी बंद करता येतात. झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी आहे, प्रोमेथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये इनहिबिशन. नाव वेगळं, काम तेच.

मग क्षणिक झटके. एक पिंग चुकला की मेसेज पाठवायचा नसतो. नागिओसमध्ये मॅक्स चेक अटेम्प्ट्स तीन-चार ठेवा, प्रोमेथियसच्या रूलमध्ये फॉर म्हणून वेळ देता येते, पाच मिनिटं सलग बिघडलं तरच बोल. उरलेल्या प्रत्येक अलर्टला एक प्रश्न विचारा, हा रात्री तीनला आला तर उठून मी नक्की काय करणार? उत्तर 'काही नाही, सकाळी बघू' असेल तर त्याला फोनवर येऊ देऊ नका, सकाळच्या ईमेलमध्ये ढकला. सीपीयू ९० टक्के हा अलर्ट बहुतेक ठिकाणी असाच फालतू असतो, सर्व्हर कामालाच घेतलाय ना! डिस्कचंही तसंच, २ टीबीची डिस्क ९० टक्के भरली तरी २०० जीबी शिल्लक असते, त्यापेक्षा 'या वेगाने चार दिवसांत भरेल' हे उपयोगी, त्यासाठी प्रोमेथियसमध्ये प्रेडिक्ट लीनियर आणि झॅबिक्समध्ये टाइमलेफ्ट फंक्शन आहे.

प्रश्न: मॉनिटरिंगचा सर्व्हरच पडला तर कोण सांगणार?

उत्तर: तो स्वतः तर नाहीच सांगणार. उलटं लावायचं. मॉनिटरिंग सर्व्हरने दर काही मिनिटांनी बाहेरच्या, वेगळ्या नेटवर्कवरच्या मशीनला 'मी आहे' असा निरोप द्यायचा आणि निरोप आला नाही की त्या मशीनने ओरडायचं. हा निरोप साध्या क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) न पाठवता अलर्टच्याच वाटेने पाठवा, म्हणजे ती वाट रोज तपासली जाते. नाहीतर सर्व्हर चालू, क्रॉन चालू, आणि मेल जाणं कधीच थांबलेलं.

प्रश्न: बॅकअप तपासायला नागिओससाठी स्वतः स्क्रिप्ट लिहिली, बॅकअप फेल झाला तेव्हा स्क्रीनवर 'क्रिटिकल' हा शब्दही येतो, पण नागिओसमध्ये हिरवंच दिसतं.

उत्तर: नागिओस तुमचा शब्द वाचून ठरवत नाही, एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना परत देते तो आकडा) बघतो. ० म्हणजे ओके, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल, ३ अननोन. तुमच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ इको (स्क्रीनवर मजकूर छापणारी कमांड) असेल, इको यशस्वी झाला म्हणून ० गेला. इकोच्या खाली एक्झिट २ लिहा, आणि लॉग फाइलच सापडली नाही तर एक्झिट ३, ओके नाही.