अरोरा दिसला की दिसली?

प्रश्न लातूरच्या एका काकूंचा आहे. लेक नॉर्वेत ट्रॉम्सोला शिकायला असते. तिनं तिथल्या आभाळातल्या हिरव्या झोतांचे फोटो पाठवलेत; या झोतांना इंग्रजीत 'अरोरा' म्हणतात. ते पाहुण्यारावळ्यांना पाठवताना खाली 'उत्तरेचे दिवे' लिहिलं तर चालेल का, आणि बोलताना 'अरोरा दिसला' म्हणायचं की 'दिसली'?

काकू, 'दिवे' नकोच. मराठीत दिवे लावणाऱ्याचं कौतुक होत नाही. छापील मराठीत रुळलेला शब्द 'ध्रुवीय प्रकाश' आहे, तोच लिहा. ध्रुवीय म्हणजे पृथ्वीच्या ध्रुवांकडचा. ध्रुवताऱ्याशी त्याचा संबंध नाही. काही जण 'ध्रुवीय ज्योती' लिहितात. मला तो शब्द पटत नाही. ज्योत म्हटलं की समई आठवते, आणि इथं तर काहीच जळत नसतं. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहानं खळबळ उडते, वेगवान इलेक्ट्रॉन खाली उतरून हवेतल्या अणूंवर आदळतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजेड देतो.

बोलताना मात्र 'अरोरा'च तोंडात येणार. कॅमेरा, सोफा, पिझ्झा ही मंडळी मराठीत पुल्लिंगी होऊन नांदली, त्या चालीवर 'अरोरा दिसला'. 'दिसली' म्हणणाऱ्यांनाही आधार आहे: अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवी, आणि हे नाव आपल्या 'उषस्'च्याच कुळातलं. खरी पंचाईत विभक्ती लावताना होते. कॅमेरा-कॅमेऱ्याचे, तसं 'अरोऱ्याचे फोटो'? उषा-उषेचे, तसं 'अरोरेचे फोटो'? दोन्ही जिभेवर बसत नाहीत. म्हणून लोक सामान्यरूप टाळून 'अरोराचे फोटो आले' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दिल्लीकडच्या कुणा अरोराच्या लग्नाचे आले! मी स्वतः 'अरोरा दिसला' म्हणतो, पण प्रत्यय लावायची वेळ आली की गुपचूप 'ध्रुवीय प्रकाशाचे' म्हणून मोकळा होतो.

सतराव्या शतकात युरोपात 'अरोरा बोरिआलिस' हे नाव पडलं. अर्थ, उत्तरेकडची पहाट. ध्रुवापासून लांब राहणाऱ्याला झोतांचा वरचा भागच क्षितिजालगत दिसतो, आणि दोनशे किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन लाल उजळतो. मे २०२४ च्या सौर वादळात लडाखच्या हानलेहून आभाळ असंच लाल दिसलं होतं. औशाकडच्या माळावरून कुणाला ते दिसलं असतं, तर 'उत्तरेला तांबडं फुटलं' असंच तो म्हणाला असता. हे अगदीच अशक्यही नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून हा प्रकाश दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई-परभणी जवळपास एकाच अक्षांशावर आहेत.

तुमच्या लेकीच्या फोटोंना 'तांबडं' लागू नाही; ट्रॉम्सो ६९ अंशांच्याही वर आहे, तिथं झोत थेट डोक्यावर येतात. पण 'हिरवंगार आभाळ' लिहिण्याआधी तिला एकदा विचारा. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे फिका झोत नुसता पांढुरका वाटतो. कॅमेरा पाच-दहा सेकंद उघडा राहून उजेड साठवतो, म्हणून फोटोत तो हिरवा येतो. तिनं डोळ्यांनी हिरवा पाहिला असेल तर खुशाल 'दिसला' लिहा. नसेल तर 'फोटोत हिरवा उमटला' म्हणा.