श्रीलंकेत सात दिवसांत कोणती राष्ट्रीय उद्यानं बघावीत? यालामध्ये बिबट्या हमखास दिसतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात सात दिवस, सोबत सत्तरीच्या आई आणि दहा वर्षांची मुलगी, यादीत याला, विलपत्तू, मिन्नेरिया, सिंहराजा आणि हॉर्टन प्लेन्स, आणि बिबट्या दिसलाच पाहिजे.

आधी यादीतली निम्मी नावं खोडा. मी श्रीलंकेला दोनदा गेले, एकदा ऑगस्टमध्ये मैत्रिणींबरोबर आणि एकदा मेच्या सुट्टीत नवरा, मुलगा आणि सासूबाईंना घेऊन. पहिल्या वेळी आमचीही यादी अशीच लांबलचक होती. नकाशावर बेट एवढंसं दिसतं, त्यामुळे वाटतं की सकाळी इथे आणि संध्याकाळी तिथे. रस्ते चांगले आहेत, पण एक्सप्रेसवे सोडला तर तासाला चाळीस किलोमीटर धरून चाला. त्या सहलीत आम्ही जंगलापेक्षा गाडीच्या काचेतून दिसणारी केळीची दुकानंच जास्त बघितली.

मुख्य गोष्ट म्हणजे, तिथे उद्यान आधी निवडायचं नसतं. महिना बघायचा आणि मग उद्यान ठरवायचं. पाऊस या बेटावर दोन बाजूंनी येतो. नैर्ऋत्य मान्सून, म्हणजे आपलाच, साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडचा भाग आणि डोंगर भिजवतो. तेव्हा उत्तर, पूर्व आणि आग्नेयेकडचा कोरडा पट्टा कोरडाच असतो. पुढे ईशान्य मान्सूनमध्ये तिकडे पाऊस लागतो. दिवाळीची सुट्टी नेमकी दोन पावसांच्या मधे सापडते आणि दुपारनंतर जवळजवळ सगळीकडेच सरी येतात. याला, विलपत्तू, मिन्नेरिया, उडवलवे हे सगळे कोरड्या पट्ट्यातले. सिंहराजा आणि हॉर्टन प्लेन्स ओल्या भागातले. म्हणजे मेमध्ये ही शेवटची दोन नावं आपोआप गळतात.

मिन्नेरियासुद्धा मेमध्ये नको. तिथे ज्यासाठी जायचं त्याला ते लोक ‘गॅदरिंग’ म्हणतात. आपल्याला गॅदरिंग म्हटलं की शाळेचा स्टेज आणि कोळीगीतं आठवतात, पण हे हत्तींचं. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. तिथल्या कोरड्या महिन्यांत पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत उगवतं आणि जुलै ते सप्टेंबर आसपासच्या जंगलांतले कळप संध्याकाळी तिथे उतरतात. ऑगस्टमध्ये आम्ही मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे नाद सोडला. आयांच्या पायांच्या मधून चालणारी पिल्लं मोजणार कशी? एक नर सोंडेने गवत उपटायचा, पुढच्या पायावर आपटून माती झाडायचा आणि मगच तोंडात घालायचा, आपण मेथीची जुडी झटकतो तसं. त्याला सुळे नव्हते. तिथले बहुतेक नर मखनेच असतात, शंभरात दहासुद्धा सुळेवाले निघत नाहीत.

पण आता यातही एक गोम आहे. अलीकडच्या वर्षांत मोरगहकंद धरणाचं पाणी या तलावांत सोडलं जातं. ऐन कोरड्या महिन्यांत तलाव भरलेला राहिला की गाळ उघडा पडत नाही, गवत उगवत नाही, आणि हत्ती दुसरीकडे जातात. त्यामुळे पुढे कधी ऑगस्टमध्ये गेलात तर ‘मिन्नेरियाच हवं’ असा हट्ट धरू नका. शेजारीच कौडुल्ला आणि हुरुलू आहेत, आणि हत्ती आज कुठे आहेत ते जीपवाल्याला पक्कं ठाऊक असतं. (तलावाला सिंहलीत ‘वेव’ म्हणतात. मूळ शब्द ‘वापी’, म्हणजे आपल्या कोकणातल्या ‘बाव’चंच घराणं.)

आता बिबट्या. श्रीलंकेत वाघ नाही, आणि सिंह फक्त झेंड्यावर. त्यामुळे बिबट्याला कोणाचा धाक नाही. ताडोब्यात तो वाघाला चुकवत झाडोऱ्यातून निसटतो, इथे उघड्या खडकावर पाय पसरून पडलेला असतो. यालाच्या ‘ब्लॉक वन’मध्ये, म्हणजे उद्यानाच्या पहिल्या विभागात, बिबट्यांची दाटी जगातल्या सर्वाधिक दाटींपैकी आहे, हे खरंच आहे. (‘याला’ हे नाव मराठी वाक्यात लिहिणं म्हणजे शिक्षाच आहे, पण चालवून घ्या.) हमखास मात्र काहीच नाही. आणि दाटी जीपचीही आहे.

आमचा अनुभव सांगते. पहाटे साडेपाचला गेटवर रांग, आत शिरल्यावर पाऊण तास मस्त. मोर, मगरी, चिखलात लोळणाऱ्या म्हशी. मग ड्रायव्हरचा फोन वाजला. त्याने काही न बोलता गिअर टाकला आणि जी काही गाडी पळवली! खड्ड्यांमधून आम्ही अक्षरशः उडत होतो, वाटेत एका हत्तिणीला पिल्लासकट तसंच मागे टाकलं. पोचलो तर पुढे वीस-पंचवीस जीप एकमेकींना खेटून, इंजिनं चालू, डिझेलचा धूर. त्या गर्दीच्या फटीतून मला एक शेपूट दिसली. शेपटीचं टोक पांढरं होतं, एवढं नक्की सांगू शकते.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही विलपत्तूला गेलो, आणि तुम्हालाही तेच सांगेन. हे देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, तेराशे चौरस किलोमीटरच्या वर, वायव्येला. यादवीच्या काळात बरीच वर्षं बंद होतं, म्हणून पर्यटकांच्या डोक्यात अजून यालाच बसलंय. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला असल्याने यालापेक्षा विलपत्तू जवळही पडतं. जंगल दाट, रस्ते तांबड्या वाळूचे, आणि मधेच ‘विल्लू’ म्हणजे पावसाचं पाणी साठून झालेली उथळ तळी. झाडी संपते आणि एकदम उजेडाचं मोठं ताट समोर येतं. प्राणी यालाच्या मानाने कमी दिसतात, हे आधीच सांगते. आम्हाला सकाळी सात ते दुपारी दोन फक्त चितळ, मुंगसं आणि एक चिडकी घोरपड दिसली. मुलगा झोपला. आणि मग एका वळणावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. वाळूच्या रस्त्यात, चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर बिबट्या आडवा पडला होता. त्याने आमच्याकडे बघितलं, जांभई दिली, उठला, अंगावरची वाळूसुद्धा न झटकता पंधरावीस पावलं आमच्या पुढे पुढे चालत गेला आणि डावीकडे वळला. मागे दुसरी जीप नव्हती. सासूबाई हळूच म्हणाल्या, “अगो बाई, हा तर आपल्या बोक्यासारखा चालतो.”

तरीही यालाला जायचंच असेल तर शनिवार-रविवार आणि पोया टाळा. पोया म्हणजे पौर्णिमा, दर महिन्याला सार्वजनिक सुट्टी. मेमधली वेसाक पोया म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. तेव्हा गावोगावी कंदील आणि रस्त्यावर फुकट जेवण, हे सगळं बघण्यासारखं, पण रस्ते तुंबतात. पलटुपानाच्या मुख्य गेटऐवजी कटगमुवाच्या गेटने जाता येतं का विचारा. आणि ड्रायव्हरला निघण्याआधीच शांतपणे सांगा, फोन आला तरी पळवायचं नाही, आम्हाला जे दिसेल ते चालेल. तिथे पाटणंगलाच्या किनाऱ्यावर पाय मोकळे करायला उतरू देतात. 2004च्या त्सुनामीत तिथला बंगला वाहून गेला, माणसं गेली, आता स्मारक आहे. मेच्या अखेरीपासून यालामध्ये पालूची फळं पिकायला लागतात. पालू म्हणजे आपली खिरणी, रायण. ती खायला अस्वलं झाडावर चढतात आणि एरवी न दिसणारा हा प्राणी तेव्हा दिसू शकतो. सप्टेंबरात मात्र बऱ्याच वर्षी दुष्काळामुळे ब्लॉक वन काही आठवडे बंद ठेवतात.

मुलीसाठी माझं मत उडवलवेला. धरणाच्या काठचं उघडं गवताळ रान, हत्ती वर्षभर, आणि अर्ध्या दिवसाची सफारी पुरते. उद्यानाजवळच एलिफंट ट्रान्झिट होम आहे, 1995पासून चालतं. आई हरवलेली पिल्लं तिथे वाढवून पुन्हा जंगलात सोडतात. ठरलेल्या वेळी त्यांना दूध पाजतात, ते आपण लांबच्या बाकांवरून बघायचं, हात लावायचा नाही. गेट उघडलं की पिल्लं कान हलवत धावत येतात आणि दूध संपलं तरी नळी सोडत नाहीत, कर्मचाऱ्याला ढकलाढकली करतात. माझा मुलगा बिबट्या विसरलाय, हे विसरलेला नाही. हत्तीला आंघोळ घाला, पाठीवर बसा असल्या जागा रस्त्यात खूप लागतील. तिथे जाऊ नका.

सिंहराजा मेमध्ये सोडा म्हटलं खरं, पण मी हट्टाने गेले, म्हणून सांगते. तिथे जीप नाही, गाइड घेऊन पायीच चालायचं. 1970च्या दशकात प्लायवूडसाठी या जंगलात तोड सुरू झाली होती, लोकांनी आवाज उठवल्यावर थांबली. कुडवाकडून आत जाणारी वाट ही तोडीच्या काळातलीच. 1988 साली जागतिक वारसा यादीत आलं. तासभर काहीच दिसत नाही, नुसती टपटप. मग एकदम कलकल होते आणि दहा-बारा जातींचे पक्षी एकाच थव्यात डोक्यावरून जातात. पुढे सातभाई, मधे कोतवाल, आणि नशीब असेल तर निळा-तांबडा ब्लू मॅगपाय. पाच मिनिटांत सगळं सामसूम. आणि जळवा. गुडघ्यापर्यंत येणारे जळवांचे मोजे गाइडकडे मिळतात, ते घाला. मी आपले साधे मोजे घातले, परत आल्यावर अकरा मोजल्या. तुमच्या आईंना हे नको. हॉर्टन प्लेन्सही तसंच. साडेनऊ किलोमीटरची फेरी, पहाटे निघावं लागतं, आणि नऊ-दहाला धुकं आलं की वर्ल्ड्स एंडच्या कड्यावरून फक्त पांढरं दिसतं. जानेवारी ते मार्चमध्ये कधी गेलात तर जरूर जा.

मग सात दिवस असे: विमानतळावरून थेट विलपत्तू, दोन रात्री. एक पूर्ण दिवस सफारी. वाटेत कँडीला एक रात्र, कारण विलपत्तू ते उडवलवे एका दमात आईंना झेपणार नाही. उडवलवेला दोन रात्री. मग गॉलला एक, आणि तिथून एक्सप्रेसवेने विमानतळ.

खर्चाचं एकच लक्षात ठेवा. माणशी तिकिटावर दर ग्रुपला सर्व्हिस चार्ज, गाडीचं शुल्क आणि कर लागतो, जीपचं भाडं वेगळं. म्हणून ‘सफारी किती?’ असं न विचारता ‘तिकिटासकट सगळं मिळून किती?’ असं विचारा. पासपोर्ट जवळ ठेवा. आईंना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या सीटवर बसवा, सगळ्यात मागे कंबर मोडते.

जेवणाचं विचारलं नाहीत, तरी. भात आणि चार-पाच भाज्या सगळीकडे मिळतात. ‘पोलोस’ म्हणून जे येतं ती कोवळ्या फणसाची भाजी. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “ही कुयरीच की.” शाकाहारी असाल तर पोल सांबोल ही खोबऱ्याची चटणी घेताना उंबलकड नको असं स्पष्ट सांगा, ती कुटलेली सुकी मासळी असते. उडवलवेच्या रस्त्यावर मातीच्या मडक्यात म्हशीचं दही विकायला असतं, वर कित्तुलचा पाक, म्हणजे भेरली माडाचा. मडकं परत मागत नाहीत. आमच्याकडे त्यात आता कढीपत्ता लावलाय.