कुसळ मागे येत नाही

पावसाळाभर मला येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो: ओल्या कुत्र्याचा वास. दसरा जवळ आला की पत्रं बदलतात. पाऊस ओसरलेला, डोंगर अजून हिरवे, आणि चार महिने घरात कोंडलेलं कुत्रं दाराकडे तोंड करून बसलेलं. मग ‘कुठे नेऊ, किती चालवू’ सुरू होतं. दिवाळीनंतर त्याच मंडळींची दुसरी पत्रं येतात, ‘हे काय झालं असेल?’ अशी. ‘वैद्यानां शारदी माता’ असं जुने लोक म्हणत. शरद ऋतू ही वैद्यांची आई, तीच त्यांना पोसते. गुराढोरांच्या डॉक्टरांनाही तीच पोसते, हे मी साताऱ्यातल्या एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. या खेपेला दोन्ही प्रकारची पत्रं एकत्र घेतली आहेत.

आमचा लॅब्रॅडॉर बुलेट पाच वर्षांचा आहे, वजन ३८ किलो. दिवाळीच्या सुट्टीत त्याला तोरण्यावर न्यायचं ठरवलंय. सराव म्हणून गेल्या रविवारी वेताळ टेकडीवर नेलं, तर साडेनऊ वाजता वाटेतच आडवा झाला, उठेचना. स्टॅमिना वाढवायला काय खायला द्यावं?
— एक वाचक, बाणेर

काही देऊ नका. आहे त्यातलंच थोडं काढून घ्या. बुलेटच्या पाठीवरून हात फिरवताना बरगड्या बोटांना लागतात का बघा. त्या शोधाव्या लागत असतील तर तो रोज दोन-चार किलोचं पोतं घेऊन फिरतोय.

पण रविवारी त्याला आडवं पाडलं ते उन्हाने. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. ऑक्टोबरात ऊन चढतं आणि जमिनीतली ओल अजून हवेत असते. अशा दमट हवेत धापेचा उपयोग अर्धा होतो. आपण टोपी घालून ‘काय मस्त हवा आहे’ म्हणत असतो आणि आपल्या गुडघ्याच्या उंचीवर, तापल्या मुरमाच्या जवळ चालणाऱ्याचं चाललेलं असतं वेगळंच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०६ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू सगळंच पणाला लागतं. पुन्हा असा आडवा झाला तर सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओता, वहीने-टोपीने वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. बर्फ नको, ओला टॉवेल गुंडाळून ठेवणंही नको, त्याने आतली वाफ आतच राहते.

सहाला निघा, साडेआठला घरी. जमिनीवर तळहाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. पाणी त्याच्यासाठी वेगळं घ्या, लिटरभर तरी, आणि तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी घोट-घोट पाजा.

तोरण्याचं म्हणाल तर १४०३ मीटरचा तो गड आहे, वाटेत कातळ आहेत, तिथे माणसं रेलिंग धरून चढतात. बुलेट काय धरणार? वर जाऊन तो बसला तर ३८ किलो खाली कोण आणणार, हे आधी ठरवा. माथ्यावरचा फोटो ही तुमची हौस. वेताळ टेकडीवर एकाच झुडपापाशी पाच मिनिटं हुंगू दिलंत तरी त्याची सहल झाली.

सहलीला कास पठारावर कुत्रा नेला तर चालेल का? (या आशयाची तीन पत्रं आहेत.)

नका नेऊ. फुलं तुडवली जातात हे एक. दुसरं, पाळीव कुत्र्यांचे रोग रानातल्या जनावरांना जातात. २०१८ साली सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात सापडला तो डिस्टेंपर, म्हणजे ज्याची लस आपण पिल्लांना देतो तोच रोग. अभयारण्यं, राखीव जंगलं कुत्र्याविना बघा. गावाबाहेरची गायरानं कमी आहेत का?

आमचा भैरू तीन वर्षांचा गावठी कुत्रा. रोज पांडवगडाच्या पायथ्याला फिरायला जातो. पुढच्या उजव्या पायाच्या दोन बोटांमध्ये त्याला गळू झालं. अँटिबायोटिक पाच दिवस दिलं, बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच फुगलं, फुटलं, पाणी गेलं. असं तीनदा झालंय. गाठ कॅन्सरची तर नसेल?
— एक वाचक, वाई

पाय न बघता छातीठोक सांगता येणार नाही, पण पत्र वाचताच माझ्या मनात आलं ते कुसळ.

गणपतीत जे गवत कमरेएवढं हिरवं डुलत असतं ते दसऱ्यानंतर तांबूस पडतं आणि त्याची कुसळं सुटायला लागतात. डोंगरावरून आलेल्या प्रत्येकाच्या मोज्यात ती असतातच. एक काढून नीट बघा. पुढे सुईसारखं टोक, त्यामागे उलट्या फिरलेल्या बारीक केसांचा झुपका आणि मागे लांब, पिळाची शेपटी. आता ते तळहातावर ठेवून त्यावर थेंबभर पाणी टाका. क्षणभर काही होत नाही, आणि मग शेपटी गरगर फिरू लागते. सुकली की पीळ परत भरतो. मातीत पडलेलं बी रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने असं स्वतःला गिरमिटासारखं जमिनीत घुसवून घेतं. गवताची सोय झाली! पण तेच बी भैरूच्या बोटांच्या बेचक्यात अडकलं की ते मातीत आणि मांसात फरक करत नाही. उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. ते पुढेच जातं.

म्हणून अँटिबायोटिकने पू आटतो, सूज उतरते, पण कुसळ आतच राहतं आणि औषध थांबलं की पुन्हा तोंड करतं. एक्स-रे काढला तर त्यात बहुधा काही दिसत नाही, गवतच ते. तुमच्या डॉक्टरांना सांगा की भूल देऊन जखमेचा मार्ग शोधून बघा, आत काही सापडतं का. जमल्यास पाणी वाहत असतानाच न्या, तेव्हा वाट उघडी असते. दाबून पिळू नका. गाठच असली तर तेव्हा तुकडा काढून तपासताही येईल.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगते आहे, पण माझ्या घरची गोष्ट ऐका. आमची ठकी एकदा यवतेश्वराच्या डोंगरावरून आली आणि कान फडफडवायला लागली. मी वरवर बघितलं, कानात थेंब घातले आणि लोकांची कुत्री तपासायला निघून गेले. चौथ्या दिवशी ती मान एका बाजूला कलती करून बसली. भूल देऊन दुर्बिणीने पाहिलं तर पडद्याला टेकलेलं कुसळ! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते म्हणतात ना, मला तर स्वतःच्या कुत्रीच्या कानातलं दिसलं नव्हतं.

यातलं खरं शिक्षण मला कॉलेजात मिळालं नाही. फलटण आणि माण भागातले धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात. एका संध्याकाळी वाडा, म्हणजे त्यांचा मेंढरांसकट तळ, बसलेला होता, तिथे एक बाबा शेकोटीशी बसले होते. खिळ्यांचा पट्टा घातलेला त्यांचा थोराड कुत्रा त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये उताणा पडलेला. बाबा माझ्याशी बोलत होते, नजर मेंढरांवर, आणि बोटं कुत्र्याच्या पंजात. एक बेचकं, दुसरं बेचकं, मग काख. मध्येच बोटं थांबली. करगोट्याला चिमटा आणि कानकोरणं एका कडीत अडकवलेलं होतं, तो चिमटा घेतला, खेचलं, कुसळ विस्तवात टाकलं. बोलणं तुटलं नाही. मी विचारलं, ‘रोज बघता?’ तर म्हणाले, ‘जेवायच्या आदी. त्याच्याबी आन् आपल्याबी.’

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते. फिरून आल्यावर चपला काढायच्या आधी ओट्यावर बसा. चारही पंजांची बेचकी, काखा, जांघा, कानाच्या पाळीची आतली बाजू, ओठांच्या कडा, शेपटीखाली. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. दहा मिनिटं लागतात. बेचक्यातले लांब केस दसऱ्यालाच कापून टाका. फिरून आल्यावर एकाएकी शिंकांची सर लागली, एका नाकपुडीतून रक्त आलं, एक डोळा मिटूनच राहिला किंवा मान कलती झाली, तर ‘उद्या बघू’ नको. आणि कानात कोमट तेल, काडी, कापूस असलं काहीही घालायचं नाही. त्याने कुसळ अजून आत जातं.

मी ७२ वर्षांची आहे. आमचा मोती भातकापणीला दिवसभर आमच्याबरोबर शेतात असतो, त्याला फार आवडतं. पण अंगावर गोचिड्या भरल्यात. शेजारी म्हणतो रॉकेल चोळा, नातू म्हणतो पेटत्या काडीचा चटका दे. काय करू?
— एक आजी, चिपळूण

आजी, दोघांनाही चहा पाजा आणि घरी पाठवा. रॉकेलने कातडी भाजते, आणि मोती ते चाटणार, ते छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. चटक्याने गोचीड सुटायच्या आधी पोटातलं मोतीच्या रक्तात ओकते, म्हणजे आपणच रोग टोचल्यासारखं. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

पण अंगावरच्या वेचून भागत नाही. ही गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या चिरेत, पायरीच्या फटीत हजारांनी अंडी घालते. मोतीची झोपायची जागा आधी साफ करा, भेगा लिंपून घ्या. महिन्याला एक गोळी मिळते, ती वजनावर असते, डॉक्टरांकडूनच घ्या. गुरांचं गोचिडीचं औषध अंदाजाने लावू नका. घरात मांजर असेल तर आणखी जपा, कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराचा जीव घेतात. मोतीने जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीड-ताप समजा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. वेळेत औषध मिळालं तर बरीचशी कुत्री उठून बसतात.

आणखी एक, खाचरातल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं. त्यातून लेप्टो नावाचा ताप येतो, त्याची लस मोतीला दर वर्षी द्या. तुमच्या पायाला भेग-जखम असेल तर तुम्हीही त्या पाण्यात उतरू नका. तो ताप माणसालाही सोडत नाही.

मी सातवीत आहे. कोजागरीला आम्ही निफाडजवळ मामाच्या मळ्यात जाणार. शेरूला रात्री चांदण्यात मोकळं सोडून फिरवू का? त्याला मसाला दूध देऊ का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

मोकळं सोडू नकोस गं. तुमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो. अकोले तालुक्यात अभ्यास झाला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेरूला पट्टा लाव, मोठ्या माणसांच्या मधून चालव, हातात बॅटरी ठेव, कारण दगडाशेजारी घोणसही असू शकते. उसाच्या कडेला जायचं नाही, मामांनी ‘चल’ म्हटलं तरी.

मसाला दूध नको. जायफळ आणि बेदाणे त्याला बाधतात, बाकी नुसत्या गोड दुधानेही रात्रभर पोट बिघडतं आणि मग चांदण्यात तुलाच त्याच्याबरोबर उभं राहावं लागेल.

त्यापेक्षा असं कर. अंगण झाडून घे, भाकरीचे दहा बारीक तुकडे कर आणि शेरूला घरात धरून ठेवून ते लपव: बाजेखाली, रांजणामागे, मामाच्या चपलेत. मग त्याला लांब दोरीवर सोड आणि गप्प बस, दाखवायचं नाही. गेल्या कोजागरीला मी हेच केलं. दहा लपवले होते, ठकीने बारा शोधून काढले. ते दोन कुणी ठेवले होते, मला अजून कळलेलं नाही.