सोसायटीसमोर स्वखर्चाने गतिरोधक बसवावा का?

पुण्यातील आपल्या सोसायटीसमोरचा रस्ता मुख्य चौकातील सिग्नल चुकवण्यासाठी वापरला जातो आणि वाहने सुसाट जातात, म्हणून सदस्यांनी वर्गणी काढून गतिरोधक बसवावा का, असे आपण विचारले आहे. रस्ते आखणीच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता म्हणून माझे उत्तर नकारार्थी आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय असे बांधकाम करता येत नाही, हे तर झालेच. शिवाय अंदाजाने ओतलेल्या उंचवट्यावर दुचाकीस्वार पडतात आणि मोटारचालक तेवढ्यापुरता ब्रेक दाबून पुढे पुन्हा वेग घेतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि प्रवासाच्या दिशेने 3.7 मीटर लांब असतो, तो ताशी 25 किलोमीटर वेगाने सहज ओलांडता येतो; आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या टेंगळांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वस्तीतील वेग 30 च्या आत का हवा, हे साध्या गणिताने कळते. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, असे धरले, तर 50 च्या वेगातील मोटार तेवढ्यात सुमारे 14 मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर 30 च्या वेगातील मोटार साधारण तितक्याच अंतरात पूर्ण थांबते.

चालक वेगमर्यादेच्या फलकापेक्षा रस्ता किती रुंद आणि सरळ दिसतो, यावरून वेग ठरवतो. त्यामुळे रस्त्याच्या तोंडाशी पदपथ पुढे आणून वळण आवळणे, ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीपर्यंत उचलणे आणि पार्किंग काही अंतर डावीकडे, काही अंतर उजवीकडे देऊन सरळ रेषा मोडणे, हे उपाय अधिक टिकाऊ आहेत. आपल्या बाबतीत मूळ दुखणे बाहेरच्या वाहतुकीचे असल्याने एका टोकाला मोटारींना प्रवेशबंदी हा उपाय मी सर्वांत वर ठेवीन, मात्र त्याचा वळसा रहिवाशांनाही पडेल आणि त्यावरून सभेत वाद होतील.

अर्ज क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक शाखा या दोहोंकडे द्यावा, कारण बांधकाम महापालिका करते आणि प्रवेशबंदीचा आदेश पोलीस काढतात. सकाळ-संध्याकाळच्या वाहनांची मोजणी आणि रस्त्याचा मापांसह नकाशा सोबत जोडावा. नुसत्या सह्यांच्या निवेदनावर बहुधा आणखी एक टेंगूळच पदरात पडते.