पसंतीक्रम भरण्यापूर्वी

प्रश्न : ताई, मी लातूरचा. बारावी विज्ञान झाली, सीईटीही दिली. मी समलिंगी आहे, हे एका मैत्रिणीशिवाय कोणालाच ठाऊक नाही. गेली दोन वर्षे माझ्या चालण्या-बोलण्याच्या नकला सहन करत काढली. अभियांत्रिकीची चार वर्षे तशी जाऊ नयेत, म्हणून कोणते महाविद्यालय निवडू? आणि कोणाला कळू न देता चौकशी कशी करू?

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. प्रवेश अर्जात लैंगिक कल विचारला जात नाही, त्यामुळे स्वतःविषयी काहीही न सांगता तुला चौकशी करता येईल.

मुंबईच्या आयआयटीत २०११पासून ‘साथी’ हा समलिंगी, पारलिंगी विद्यार्थ्यांचा गट आहे आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१८मध्ये लिंगनिरपेक्ष वसतिगृह सुरू केले. या संस्था तुझ्या यादीत नसतील; पण विद्यार्थ्यांनी मागितले आणि संस्थेने ऐकले, असे जिथे घडते तिथे श्वास मोकळा राहतो, एवढे त्यांवरून समजावे.

नियम तर सर्वच महाविद्यालयांना लागू आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६मध्ये रॅगिंगविरोधी विनियमांत दुरुस्ती करून लैंगिक कल आणि पारलिंगी ओळख यांवरून होणारा छळही रॅगिंग ठरवला. तेव्हा कार्यालयात फोन करून रॅगिंगविरोधी समितीत आणि लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत कोण कोण आहे, एवढेच विचार. हा प्रश्न कोणताही विद्यार्थी किंवा पालक विचारू शकतो. नावे चटकन सांगितली जातात, की ‘आमच्याकडे असले काही होत नाही’ असे उत्तर येते, याकडे लक्ष दे. दुसऱ्या उत्तराची मला अधिक भीती वाटते.

मी अनेक वर्षे वसतिगृहाची रेक्टर होते. एका गॅदरिंगमध्ये फिशपाँडच्या पेटीतून एका मुलाच्या चालीवरची चिठ्ठी निघाली, सभागृह हसले आणि तो मुलगा दुसऱ्या सत्रात परत आलाच नाही. त्या चिठ्ठ्या आम्ही कोणीच आधी वाचल्या नव्हत्या, याची खंत मला आजही आहे. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला, फिशपाँड आधी कोण तपासते, हे अवश्य विचार. वसतिगृहात एका खोलीत किती जण राहतात आणि वर्षाच्या मध्यावर खोली बदलून मिळते का, हेही विचारून घे. पहिल्या वर्षी दिवसाचा मोठा भाग खोलीतच जातो.

दोन महाविद्यालये सारखीच वाटली, तर मुंबई-पुण्यातले निवड, असे मी म्हणेन. हमसफर ट्रस्ट ही संस्था मुंबईत १९९४पासून समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी काम करत आहे. महाविद्यालयाबाहेरही बोलायला माणसे असणे फार मोलाचे असते.

पसंतीक्रम निश्चित करण्याआधी एकदा तिथे जाऊन ये. मैत्रीण सोबत येत असेल, तर तिलाही घेऊन जा आणि कॅन्टीनमध्ये तासभर बसून मुले एकमेकांना कोणत्या शब्दांनी चिडवतात, ते दोघे ऐका.