व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेले लग्नाचे फोटो अल्बममध्ये फुटतात, कोकणात नेट जेमतेम, मग फोटोग्राफरने द्यायचे कसे?

साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबतं, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याची मूळ फाइल 6000 बाय 4000 असते. 12 बाय 18 इंची पानाला 300 डीपीआयने (म्हणजे इंचामागे 300 ठिपके) 5400 पिक्सेल लांबी हवी; 1600 मध्ये जेमतेम 89 डीपीआय मिळतात. मोबाइलवर झकास दिसलेला फोटो म्हणूनच छापल्यावर फुटतो. शिवाय फाइलमधली तारीख आणि फोटोग्राफरचं नावही पुसलं जातं. हे नुकसान मला जास्त गंभीर वाटतं.

अल्बमच्या निवडीसाठी 2048 पिक्सेलच्या जेपेग ऑनलाइन गॅलरीत टाका, रंग एसआरजीबी या स्क्रीनच्या प्रमाणित रंगपद्धतीत ठेवा. मुंबईतले चाकरमानी तिथूनच फोटोंचे नंबर कळवतील. मोजके मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ते दाबले जात नाहीत.

सगळंच अपलोड करायच्या फंदात मात्र पडू नका. 10 एमबीपीएस अपलोडवर 40 जीबीला जवळपास 9 तास लागतात, आणि गुहागर-देवगडकडे पावसात मध्येच वीज गेली की ब्राउझरमधलं अपलोड बहुतेकदा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पूर्ण संच पेनड्राइव्हवरच द्या. तो एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करा. फॅट 32 या जुन्या पद्धतीवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो.