कॅनिंगच्या सीझनमध्ये नोकरी सोडताना

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या कॅनिंग कारखान्यात (आंब्याचा गर डबाबंद करणाऱ्या) सात वर्षं सुपरवायझर आहात, तळोज्याच्या कंपनीची ऑफर आलीय, 1 मेला हजर व्हायचंय. शेठ तुमच्याच गावचे, समोर जाऊन सांगायचा धीर होत नाही, म्हणून व्हॉट्सअॅपवर राजीनामा टाकून मोकळं व्हावं का?

नका टाकू. कॅनिंगचा आंबा मे महिन्यातच येतो. डागी, लहान, पेटीत न जाणारा सगळा माल मृगाच्या आत उरकायचा असतो. अशा वेळी सुपरवायझर गेला तर शेठना दुसरा माणूस आणायचा कुठून? तळोज्याला आधी मेल करा: इथल्या नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस आहे, हातातला सीझन संपवून 10 जूनला हजर होतो. अशी मुदत मागणाऱ्याला बऱ्याच कंपन्या थांबतात. अजिबात थांबत नसतील तर नोटिशीचा महिना तरी पुरा भरा.

शेठना सांगायला उशीर करू नका. बातमी एसटी स्टँडवरून त्यांच्या कानावर गेली तर नंतर कितीही गोड बोललात तरी उपयोग नाही. सरळ सांगा: 'शेठ, मला दुसरीकडे नोकरी मिळालीय, जायचं ठरवलंय. सीझन पार पाडून जातो.' चिडतील, चिडू द्या. पगार वाढवतो म्हणाले तर घासाघीस नको, तुमचं जायचं ठरलेलं आहे. बोलणं झालं की त्याच दिवशी तारखेसह लेखी राजीनामा द्या आणि प्रतीवर पोच घ्या.

मग एक वही करा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. डबे सील करणारं सीमर मशीन कुठल्या सेटिंगला नीट चालतं, गर काढणाऱ्या पल्परची चाळणी किती दिवसांनी बदलता, कुठल्या बागायतदाराचा माल दोन दिवस जास्त पिकवावा लागतो, कुठल्या वाडीच्या बायका कोणत्या एसटीने येतात आणि ती चुकली तर टेम्पोवाल्या कोणाला फोन करायचा. हे सगळं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. नवीन माणसाला वही हातात घेऊन आठ-दहा दिवस शेजारी उभं करा.

मी 2016 मध्ये लोटे एमआयडीसीतली नोकरी सोडली तेव्हा बदली माणसाबरोबर बारा रात्रपाळ्या केल्या होत्या. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पूर आला, आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरलं आणि माझी सगळी सर्टिफिकेटं चिखलात गेली. अनुभवाचा दाखला पुन्हा हवा होता. जुन्या मॅनेजरना पाच वर्षांनी फोन केला. त्यांनी आधी विचारलं, 'घरची माणसं सुखरूप ना?' तिसऱ्या दिवशी लेटरहेडवर दाखला हातात होता.

पैशांचं थोडक्यात. सात वर्षं सलग झालीत, म्हणजे ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे. शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 18,000 असेल तर 18,000 × 15 ÷ 26 × 7, म्हणजे सुमारे 72,692 रुपये. ती तीस दिवसांत मिळायला हवी, लेखी अर्ज द्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्स्फर करा. पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात, ही सात त्यात धरली जातील. सोडल्याची तारीख ऑफिसने भरली नाही तर दोन महिन्यांनी पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. पगारातून टॅक्स कापल्याचा दाखला, अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर शेवटच्या आठवड्यातच मागून ठेवा.

उद्या रविवार आहे. कारखान्यात चारचौघांसमोर नको, सकाळी शेठच्या घरी जा. तळोज्याचा मेल मात्र आज रात्रीच जाऊ दे.